बुशवाल्याचे बोल

लग्नकार्यात कुणी विचारतं, "सध्या काय करतोस?" मी सांगतो, "बुश बनवतो." पंचवीस वर्षांपूर्वी याच उत्तरावर माझ्या धाकट्या मावशीने विचारलं होतं, "म्हणजे दात घासायचे का रे?" तेव्हापासून सगळ्या आजोळात मी ब्रशवाला. मीही दुरुस्त करणं सोडून दिलंय. फिरणारा शाफ्ट आणि त्याला धरून ठेवणारं यंत्राचं अंग यांच्या मधे एक पोकळ नळकांडं बसवतात, तो बुश. घासायचं ते त्याने घासावं, झिजायचं ते त्याने झिजावं, शाफ्टच्या अंगाला मात्र काही लागू नये. एवढं सगळं मठ्ठा येईपर्यंत पंगतीत सांगून होत नाही.

पूर्वी हे बुश गनमेटलचे असत. मी प्लॅस्टिकचे करतो. नायलॉन, डेलरिन, टेफ्लॉन, आणि गिऱ्हाइकाचा खिसा खोल असेल तर पीक नावाचं प्लॅस्टिक. भोसरीत पत्र्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग, आणि मामा. मामा आमचे टर्नर. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शिक्षण आठवी, आणि खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांना माझ्या आधी ठाऊक होत्या.

१. जे निसरडं ते टिकाऊ, असं मी धरूनच चाललो होतो. तळव्याला घासलं की तळवा दुखतो, तेल लावलं की दुखत नाही. याच्या पलीकडे माझ्या डोक्यातलं घर्षणशास्त्र गेलंच नव्हतं. पहिली मोठी ऑर्डर बाटल्या भरायच्या एका मशीनची होती. ड्रॉइंगवर लिहिलं होतं, 'टेफ्लॉन'. पोलादावर टेफ्लॉनचं घर्षण इतकं कमी की शंभर किलोचं ओझं पाच ते दहा किलोच्या जोरात सरकावं. मी खूश. शुद्ध, पांढराशुभ्र टेफ्लॉन आणला, बुश केले, बसवले. शाफ्ट एका बोटाने फिरत होता. गिऱ्हाइकाने चहा पाजला.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन. जाऊन पाहतो तर मशीनखाली खवलेलं खोबरं पडावं तसा पांढरा कीस, आणि शाफ्ट बुशात खुळखुळ्यासारखा हलतोय. टेफ्लॉनचे रेणू अंगाने इतके गुळगुळीत की एकमेकांना धरतच नाहीत. पत्त्यांचा कॅट बाजूने ढकलावा तशी वरची पानं सरकतात, म्हणून ते निसरडं. आणि सरकलेली पानं परत जागेवर येत नाहीत, निघूनच जातात, म्हणून ते झिजतं. गुण आणि खोड दोन्ही एकाच पोटच्या. त्यात कांस्याची पूड, काचतंतू किंवा कार्बन मिसळला की झीज शंभर पटीने, कधीकधी हजार पटीने उतरते आणि घर्षण मात्र जेमतेम वाढतं. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तक माझ्याकडे होतं. मी ते उघडलं बुश परत आल्यावर.

२. हीच चूक माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाने केली होती हे कळलं तेव्हा, खरं सांगतो, बरं वाटलं. पुढची हकीकत वाचल्यावर बरं वाटल्याची लाज वाटली.

जॉन चार्नली हे इंग्लंडमधले हाडांचे डॉक्टर. लँकेशरमधल्या राइटिंग्टन इथल्या रुग्णालयात त्यांनी १९५८च्या सुमारास खुब्याचा सांधा बदलायला सुरुवात केली. त्यांचा विचार अगदी माझ्यासारखाच, म्हणजे माझा त्यांच्यासारखा: सांध्यात घर्षण कमीत कमी हवं, तर सगळ्यांत निसरडा पदार्थ घ्यावा. वाटी टेफ्लॉनची, तिच्यात फिरणारा गोळा पोलादाचा. तीनेकशे शस्त्रक्रिया झाल्या. लंगडत आलेली माणसं चालू लागली. आणि मग दोन-तीन वर्षांत पोलादाचा गोळा वाट्यांमध्ये रुतत गेला, झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या मांसात गाठी धरल्या, आणि ते खुबे एकामागून एक पुन्हा उघडावे लागले. माझा कीस मशीनखाली पडला होता, झाडूने गोळा झाला. त्यांचा माणसांच्या आत पडला होता.

१९६२मध्ये एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत एक नवं प्लॅस्टिक घेऊन आला. ते तिकडच्या कापडाच्या मागांना गिअर करायला वापरत. अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन: आपल्या बादलीचंच भावंड, पण रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब, रेणुभार तीस ते साठ लाखांच्या घरात. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं आणि नापसंती दाखवून निघून गेले. टेफ्लॉनपेक्षा घर्षण जास्त, दिसायला मऊ, कशाला बघायचं? पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर चढवलाच. साहेब परदेशी गेले होते, यंत्र चालू राहिलं. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहून कमी. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून चार्नलींनी त्या पॉलिथिलीनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली.

ते माणूस म्हणून कसे असतील याचा अंदाज आणखी एका गोष्टीवरून येतो. दोन्ही प्लॅस्टिकची भुकटी त्यांनी स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी बोटाला गाठी लागत होत्या, पॉलिथिलीनच्या जागी काही नाही. मी गिऱ्हाइकाला फुकट बुश बदलून दिले आणि ते फार मोठं मन आहे असं आठवडाभर समजत होतो.

क्रेव्हन यांच्याबद्दल वाचताना मला सारखे मामा आठवले. मी कोटेशन करायला बाहेर गेलो की मामा गुपचूप काय काय करून बघतात, याची यादी माझ्याकडे अर्धवटच असणार.

३. नायलॉन पाणी पितं. हे मला मामांनी याच शब्दांत सांगितलं होतं: "साहेब, हे पाणी पितं बरं का. जरा सैल सोडू." मी म्हणालो, "मामा, प्लॅस्टिक आहे ते. बादली पाणी पिते का?" या वाक्याची मला अजून झोपेत आठवण येते.

मे महिन्यात एका दूध डेअरीचे बुश केले, ४० मिमी शाफ्टचे. गनमेटलला सोडतो तेवढी मोकळीक सोडली, मिलिमीटरचा आठ शतांश. बसवताना अगदी तुपात सुरी. डेअरीत रोज दोनदा पाइप लावून धुतात, त्यात जून उजाडला. जुलैत शाफ्ट जाम. काढायला गेलो तर निघेना; शेवटी बुश कापून काढला. पाण्यात बुडवून ठेवलं तर साधं नायलॉन वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषतं आणि अर्थातच फुगतं. बाहेरून पोलादाच्या घरात घट्ट ठोकलेलं, तिकडे फुगायला जागा नाही. मग फुगणार कुठे, आत, शाफ्टच्या गळ्याभोवती. पावसाळ्यात आपल्या संडासाचा लाकडी दरवाजा चौकटीत अडकतो, तेच. दरवर्षी मी त्या दरवाजाला लाथ मारत होतो आणि मला कधी सुचलं नाही.

आता ओल्या जागी डेलरिन. ते बुडवून ठेवलं तरी टक्काभर पाणीही घेत नाही. आणि नायलॉनच द्यायचं असेल तर मोकळीक तिप्पट-चौपट. नवीन गिऱ्हाईक व्हर्नियर लावून म्हणतं, "सैल वाटतोय." मी म्हणतो, "पितो तो." मामा तिकडे तोंड फिरवून हसतात.

४. टेफ्लॉन डिसेंबरात सकाळी मोजू नये. १९ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि एवढ्याशा टप्प्यात आकारमान टक्क्याहून जास्त फुगतं. सकाळी सातला शेडमध्ये थंडीने कुडकुडत मायक्रोमीटरवर पास केलेला माल दुपारी गिऱ्हाइकाच्या खोलीत रिजेक्ट होतो. दोघांची मापं बरोबर असतात. आमचं या विषयावर एकदा फोनवर चांगलंच वाजलं होतं.

५. बुश ओझ्याने मरत नाही आणि वेगानेही मरत नाही. दोघांच्या गुणाकाराने मरतो. तक्त्यात लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त दाब अमुक, जास्तीत जास्त वेग तमुक. मी हॉटेलातल्या मेन्यूसारखं वाचलं: दोन्ही आहेत ना, दोन्ही द्या. कोरड्या नायलॉनला हा गुणाकार फार थोडा झेपतो. ढोबळ सांगायचं तर ३० मिमी शाफ्टवर ३० मिमी लांबीचा बुश असेल आणि ओझं नव्वद किलो, तर मिनिटाला साठेक फेऱ्यांच्या पुढे जाताना दम खावा. मी चारशेला दिला होता. वीस मिनिटांत जळक्या केसांसारखा वास सुटला आणि नायलॉन शाफ्टवर थिजलेल्या तुपासारखं चिकटून बसलं.

त्यावर मी केलेला उपाय तर आणखी थोर. बुश कमजोर पडला म्हणून भिंत जाड केली, सहाची दहा मिमी. तो आधीपेक्षा लवकर गेला. झालं असं की घासण्यातून उष्णता निघते आणि ती बाहेर पडायला हवी. पोलाद नायलॉनच्या जवळजवळ दोनशे पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे भिंत जाड करणं म्हणजे उकाड्यात माणसाला दुसरी गोधडी देणं. शिवाय तापल्यावर नायलॉन पोलादाच्या सातेक पट प्रसरण पावतं. जितकी भिंत जाड, तितका गळा आवळतो. धातूच्या बाबतीत जाड म्हणजे मजबूत हे आपल्या हाडात इतकं भिनलेलं असतं की पातळ बुश देताना माझा हात आजही कचरतो. टेफ्लॉनच्या बाबतीत तर इंग्लंडमधल्या ग्लेशियर कंपनीने १९५०च्या दशकात हे टोकाला नेलं: पोलादाची पाठ, तिच्यावर सच्छिद्र कांस्याचा थर, आणि त्या छिद्रांत व वर जेमतेम साय धरावी एवढंच टेफ्लॉन, तेव्हा शिसं मिसळून. उष्णता कांस्यातून पसार, आणि झिजायला लागलं तरी छिद्रांतून थोडं थोडं मिळत राहतं. असे बुश मोटारींत सर्रास असतात. मी ते करू शकत नाही, माझ्या लेथवर होणारं काम नाही ते. पण पहिल्यांदा एक कापून भिंगाखाली पाहिला तेव्हा खुर्चीत बसूनच राहिलो होतो.

६. बुशचं आयुष्य बुशात नसतं, शाफ्टवर असतं. हे कळायला मला सगळ्यांत जास्त वर्षं लागली.

प्लॅस्टिक पोलादावर घासू लागलं की पहिले काही तास ते भराभर झिजतं. त्यातला थोडा अंश शाफ्टवर लिंपला जातो, सारवलेल्या जमिनीसारखा एक पातळ पापुद्रा तयार होतो. मग प्लॅस्टिक पोलादावर घासतच नाही, स्वतःच्याच पापुद्र्यावर घासतं, आणि झीज एकदम उतरते. एका गिऱ्हाइकाकडे बुश दर दोन महिन्यांनी जात. मी मटेरियल बदललं, भराव बदलला, काही फरक नाही. शेवटी बदलीच्या दिवशी स्वतः जाऊन उभा राहिलो. त्यांचा फिटर फार मन लावून काम करणारा मुलगा. जुना बुश काढला, आणि खिशातून पॉलिश पेपर काढून शाफ्ट असा घासला, असा घासला, की त्यात भांग पाडावा. तपकिरी, मळकट दिसणारा तो पापुद्रा साफ. दर वेळी. कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, आरसा केला."

बरं, आरसाही नको. फार चकचकीत शाफ्टवर लिंपण धरत नाही. फार खरबरीत असला तर तो कानसच. मधला एक पट्टा असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाव ते अर्ध्यातला खरखरीतपणा. बोटाला तो कळत नाही. मामांच्या नखाला कळतो, असा त्यांचा दावा आहे, आणि मी तो तपासून बघायला जात नाही.

उलटी बाजूही बघितली. मजबुतीसाठी काचतंतू भरलेलं नायलॉन दिलं, बुश उत्तम राहिला, मऊ स्टेनलेसचा शाफ्ट कुरतडला गेला. झिजायला ठेवलेला टिकला आणि टिकवायचा तो झिजला. त्या शाफ्टचं बिल मी भरलं.

७. ग्रीस हे प्रेम आहे, आणि ते कुठेही घालता येत नाही. लहानपणी आजोबांच्या गाडीला मागे वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. चाकाच्या तुंब्यात काळं वंगण घातलं की आख कुरकुरायचा थांबे. तो आवाज थांबण्याचं सुख इतकं खोल बसलंय की ग्रीस नको म्हणताना पाप केल्यासारखं वाटतं. नायलॉनला बसवताना एकदा वंगण दिलं तर बरंच होतं. पण टेफ्लॉन भरलेल्या बुशचं लिंपण तेलाने, कधी नुसत्या पाण्याने, बसतच नाही. आणि सिमेंटच्या धुळीत ग्रीस म्हणजे घासून काढायची पेस्ट. कन्व्हेयरवर कोरडे चाललेले बुश ग्रीस देणाऱ्या भल्या माणसामुळे गेलेले मी पाहिलेत. त्याला रागावता येत नाही.

८. यंत्रानेही फसता येतं. पाच-सहा वर्षांपूर्वी मला शास्त्रशुद्ध व्हायची हौस आली. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झीज मोजायचं यंत्र आहे: एन-३१ पोलादाची कडक तबकडी फिरते, तिच्यावर प्लॅस्टिकची पिन ठरावीक वजनाने दाबून धरायची, ठरावीक किलोमीटर घासायची, आधी आणि नंतर वजन करायचं. झिजलेल्या भागाचं घनफळ ओझं आणि अंतर या दोहोंच्या प्रमाणात असतं, हे आर्चर्ड यांचं १९५३चं सूत्र. सोपं आहे. मी दहा मिमी जाडीच्या नायलॉनच्या पिना करून नेल्या, चार दशांशांचा तराजू, एसी खोली, हातात मोजे. दोन किलोमीटर घासलं. वजन केलं.

पिनचं वजन वाढलं होतं.

पुन्हा केलं. पुन्हा वाढलं. तिथल्या प्राध्यापकबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "तुमचं मटेरियल घासल्यावर वाढतं का हो?" पावणेतीन ग्रॅमची पिन. त्या जुलैच्या हवेत तिने टक्क्याचा दहावा भाग पाणी घेतलं तरी पावणेतीन मिलिग्रॅमची भर पडते, आणि झीज होती एक-सव्वा मिलिग्रॅम. म्हणजे डेअरीतला तोच चोर, इथे एसीत कोट घालून बसलेला. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन सापडलं ते वजनामुळेच: वायूचा सिलिंडर रिकामा वाटत होता पण वजन भरल्याएवढं लागलं, म्हणून त्यांनी तो कापून बघितला आणि आत पांढरी भुकटी निघाली. त्यांच्यापुढे वजन बोललं. माझ्यापुढेही तेच बोलत होतं, मी दोन वेळा तराजूच बिघडलाय म्हणालो.

उपाय साधा आहे. तशीच दुसरी पिन न घासता शेजारी ठेवायची, तिचं जेवढं वाढेल तेवढं वजा करायचं. मामा तिला साक्षीदार म्हणतात. आकडे आता नीट येतात. कारखान्यात गेल्यावर ते कधी दुप्पट निघतात, कधी निम्मे, कारण तिथे धूळ असते, शाफ्ट वाकडा असतो, आणि रात्रपाळीला कोणीतरी भला माणूस ग्रीस घेऊन उभा असतो. तरी मी चाचणी करतो. दोन मटेरियलमध्ये कोण आधी हरेल एवढं ती सांगते.

९. गेल्या वर्षी मावशीचा गुडघा बदलला. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी टेबलावर नमुना मांडला: वर कोबाल्ट-क्रोमची चकाकणारी वळणदार टोपी, खाली धातूची थाळी, आणि मधे दुधट पांढरा एक तुकडा. मी तो उचलला. "हे काय," डॉक्टर सांगू लागले, "विशिष्ट प्रकारचं पॉलि..." मी म्हणालो, "माहीत आहे." मग फार विचारलं त्यांना मी. जाडी किती ठेवता, वरच्या धातूचं फिनिश काय, निर्जंतुक कशाने करता. डॉक्टर आधी खूश होते, मग घड्याळाकडे बघायला लागले. मधेच लक्षात आलं की माझ्या अंगठ्याचं नख त्या तुकड्यात रुतलंय आणि एक बारीक वळ उमटलाय. मी तो तुकडा उलटा करून ठेवला.

मावशी हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. खाली रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "अरे, तो मधला पांढरा तुकडा, तो तू करतोस तसला ना?"

"तसलाच. पण मी नाही केलेला."

"का रे?"

"माझ्या शेडमध्ये धूळ असते, मावशी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने आमच्या मामेभावाला फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "हो, बुधवारी ऑपरेशन. ब्रश बसवणारेत."